ग्रेडरसाहेबांचा अभ्यासक्रम

राळेगावच्या बसस्टँडामागे माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दुकानात पिवळ्या पाटीचा एसटीडी फोनही आहे, म्हणजे तेव्हा होता. पंचवीस वर्षांच्या धंद्यात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. पेन घ्यायच्या आधी माझ्याच बिलबुकावर दहा सह्या करून पाहणारे गुरुजी पाहिले. परीक्षा झाल्यावर गाइड परत आणून 'कामाचं नव्हतं' म्हणणारी पोरं पाहिली. पण बाबाराव ग्रेडरांनी दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मला जो ताप दिला, त्याला तोड नाही. साडेतीन वर्षांच्या नातीला घरी शिकवायचं म्हणून त्यांनी माझ्याकरवी गावोगावहून पुस्तकांचे पाच संच पाहिले आणि एक सोडून सगळे परत केले. परत केले ते केले, वर प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधून!

चिठ्ठीचं समजायचं तर आधी माणूस समजला पाहिजे. बाबाराव कापसाचे ग्रेडर. खरेदी केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग लागायची आणि प्रत्येक बंडीतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. कास्तकार बंडीच्या वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस लावायचा. खाली काय असेल ते त्यालाच ठाऊक. ओला, पिवळा, काड्याकुड्यांचा. बाबाराव वरच्या थराकडे बघायचेसुद्धा नाहीत. शर्टाची बाही चढवून बंडीत खांद्यापर्यंत हात घालायचे, मधली मूठ बाहेर काढायचे, दोन अंगठ्यांत चिमूटभर रुई धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगून टाकायचे. मग चिठ्ठीवर प्रत लिहून ती बंडीला बांधायची. एकदा बांधलेली चिठ्ठी त्यांनी कधी सोडली नाही. पुढाऱ्याच्या बंडीची नाही आणि सख्ख्या साळ्याच्या बंडीचीही नाही. साळा बिचारा 'आपले जवाईबुवाच हायेत' म्हणून तोऱ्यात आला होता. दुसरी प्रत घेऊन गेला. त्यानंतर तुळसाबाई, म्हणजे बाबारावांची बायको, महिनाभर नवऱ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या.

हात मध्ये घालायची ही खोड फक्त कापसापुरती राहिली नाही. बाजारात वांगी घेताना हात ढिगाच्या पोटात. लग्नाच्या पंगतीत भात वाढणाऱ्याला सांगणार, 'वरचा नको, मधातला दे.' मुलासाठी, इंद्रजितसाठी, मुलगी बघायला पुसदला गेले तेसुद्धा न कळवता, बुधवारी भर दुपारी. कळवून गेलं की घरं वरचा थर लावून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. दीपा तेव्हा अंगणात बसून भावाच्या सायकलचं पंक्चर काढत होती, गालाला काळं लागलेलं. बाबाराव चहाही न पिता परत आले आणि म्हणाले, "पोरगी पयल्या प्रतीची हाय."

ते खरंच निघालं. पुढे इंद्रजितला पुण्यात पंपाच्या कारखान्यात नोकरी लागली, दीपानं लॅबचा कोर्स केला, तिलाही दवाखान्यात काम मिळालं. दोघांच्या पाळ्या, एक खोली, आणि पोर लहान. म्हणून शाल्मली दीड वर्षाची असल्यापासून राळेगावात आजी-आजोबांजवळ राहिली. शाल्मलीचं झालं शालू.

तोवर बाबाराव रिटायर झाले होते. आणि खरं सांगायचं तर रिटायर व्हायला ते साल वाईट होतं. केंद्रासमोरची रांग दोन-तीन वर्षांपासूनच आटत चालली होती. कापसाला भाव नव्हता. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, पण ज्या बातमीसाठी यायचं ती बातमी आम्ही घरात मोठ्यानं वाचत नसू. ज्यांच्या बंड्यांत हात घातले त्यांतल्या काही माणसांची नावं बाबारावांना त्या बातम्यांत दिसली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण तीस वर्षं कापसात राबलेला हात रिकामा बसला की माणूस काय काय उचकटतो, ते तुळसाबाईंना विचारा. घरातल्या चारही गाद्या त्यांनी उसवल्या, आतल्या कापसाची प्रत ठरवली आणि शिवायला मात्र बायकोकडे दिल्या. नशीब की घरात शालू होती. सायकलच्या दांडीवर तिला बसवायचं आणि गावभर फिरवायचं, एवढ्यावर माणूस तगून होता.

त्या मे महिन्यात दीपा सुट्टीवर आली आणि माझ्या दुकानात शालूसाठी लहानसं दप्तर बघायला लागली. मागे बाबाराव आणि त्यांचं बोट धरून शालू.

"मामाजी, जूनपासून हिले पुण्याले नेते," दीपा दप्तराची चेन लावून बघत म्हणाली. "घराजवळ प्लेग्रुप हाय."

"तीन वर्साच्या लेकराले शाळा? काहून?"

"साडेतीन. अन् शाळा नाही जी. खेळतात, गाणे म्हणतात. मंग पुढच्या वर्षी नर्सरीची मुलाखत असते."

"मुलाखत? तिले काय तलाठी व्हायचं हाय?" बाबारावांचा आवाज चढला. "जे शिकवा लागते ते मी शिकवतो घरीच."

दीपा शांत होती. तिचा हा गुण मला आवडतो, ती भांडताना आवाज खाली आणते. "काय शिकवसान, मामाजी? कोणत्या पुस्तकातून? अभ्यासक्रम कोणता?"

बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं. "नीळकंठभाऊ, लेकराईचा अभ्यासक्रम ठेवता काय तुम्ही?" जसं काही गूळ-शेंगदाणे मागत होते.

दीपानं दप्तर परत खुंटीला अडकवलं. "ठीक हाय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतो. मले वाटलं का बराबर चालू हाय, तर अजून वर्षभर राहू द्या तिले. नाही वाटलं तर घिऊन जाईन. मंग तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"कबूल," बाबाराव म्हणाले, आणि शालूचा हात इतका घट्ट धरला की पोरगी ओरडली, "आबाजी, दुखते ना!" मला त्या क्षणी माणसाची दया आली. शालू गेली तर त्या घरात चार उसवलेल्या गाद्याच उरणार होत्या.

मग सुरू झाला माझा छळ. पहिला संच नागपूरहून आला. इंग्रजी, जाडजूड, गुळगुळीत पानांचा, पुठ्ठ्याच्या पेटीत. पेटीवर हसणारी गोरी मुलं. बाबारावांनी पेटीकडे पाहिलं नाही, पहिलं पान उघडलं नाही. पुस्तकाच्या बरोबर मध्ये अंगठा घातला आणि जे पान निघालं ते शालूपुढे धरलं. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, वीज सकाळपासून गेलेली, आणि पानावर होतं इग्लू.

"हे काय हाय जी, नीळकंठभाऊ?"

"बर्फाचं घर."

शालूनं ते चित्र नीट निरखलं. "आबाजी, ह्या घरात कूलर कायले नाही?"

दुसऱ्या दिवशी पेटी परत. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'धागा लांब पण कच्चा. ओल जास्त. चित्रे म्हणजे वरचा थर. प्रत तिसरी.' मी नागपूरच्या व्यापाऱ्याला काय तोंड दाखवणार होतो?

दुसरा संच पुण्याचा, मराठीतला. त्याच्या मधल्या पानावर पालकांना सूचना होती, 'मुलाला सोसायटीच्या बागेत न्या आणि सुरक्षारक्षक काकांना नमस्कार करायला सांगा.' बाबारावांनी ते दोनदा वाचलं. "आपल्या सोसायटीत युरिया भेटते. बाग कुठची?" तोही गेला. तिसरी माझ्याच दुकानातली साधी अंकलिपी. तिला चिठ्ठी मिळाली, 'जुना माल. धागा मजबूत, पण रुई कमी, सरकी फार.' मी म्हटलं, ग्रेडरसाहेब, ह्या अंकलिपीवर तुम्ही शिकला, मी शिकलो. ते म्हणाले, "म्हनूनच सांगून राह्यलो." चौथं पुस्तक उमरखेडच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी स्वतः छापलेलं. त्याच्या मधल्या पानावर ओळीनं अकरा गोष्टी होत्या ज्या मुलांनी करू नयेत. पहिलीच होती, 'मोठ्यांपुढे प्रश्न विचारू नये.' शालूला बाबारावांनी ते वाचून दाखवलं, तर तिनं लगेच विचारलं, "काहून?" पुस्तकाला चिठ्ठी बांधली गेली: 'कवडी.' कवडी म्हणजे किडका पिवळा कापूस, जो केंद्रावर घेतच नाहीत. ही चिठ्ठी मी हेडमास्तरांना पुस्तक परत धाडण्याआधी काढून टाकली. धंदा करायचा असतो माणसाला.

शेवटी मी वैतागून म्हणालो, "अहो, याच्यातलं थोडं घ्या, त्याच्यातलं थोडं घ्या, अन् तुमचंच एक तयार करा ना."

असे दचकले जसं मी त्यांना चोरी करायला सांगितली. "मिक्सिंग? नीळकंठभाऊ, मिक्सिंग म्हणता तुम्ही?"

कापसाच्या केंद्रावर पापं अनेक असतील, पण ग्रेडरच्या लेखी महापाप हेच. एका प्रतीच्या गंजीत दुसऱ्या प्रतीचा कापूस पडला की सगळी गंजी खालच्या भावात जाते. बाबारावांनी तीस वर्षं रखवालदारासारखी गंजी राखली होती. मिक्सिंग या शब्दानंच त्यांना शिसारी यायची.

पाचवा संच कोल्हापूरकडच्या कुठल्याशा लहान संस्थेचा होता. बदामी कव्हर, चित्रं काळीपांढरी, दिसायला एखाद्या खत-फवारणीच्या माहितीपत्रकासारखा. मी तो मागवलाही नव्हता, पार्सलात चुकून आला होता. बाबारावांनी मध्ये अंगठा घातला. पानावर लिहिलं होतं: 'आज मुलाला एकाच झाडाची दोन पानं आणायला सांगा. ती सारखी का नाहीत, ते त्यालाच सांगू द्या. आपण मध्ये बोलू नका.'

ते पान त्यांनी तिथंच उभ्याउभ्या वाचलं. मग शालूला समोरच्या कडुलिंबाखाली पिटाळलं. ती दोन पानं घेऊन आली, बराच वेळ उलटीपालटी करत बसली आणि म्हणाली, "ह्याले जास्त दात हायेत."

बाबारावांनी खिशातून चिठ्ठी काढली. 'प्रत पहिली. मधून पाहिली.' पुस्तकाला बांधली आणि पुस्तक घेऊन गेले. मी त्या दिवशी दुकानात एकटाच पेढा खाल्ला.

जूनपासून त्यांच्या ओट्यावर शाळा सुरू झाली. सकाळी आठ ते दहा, वेळ घड्याळासारखी पक्की. रविवारी विहारात वंदना झाली की बाप-लेक फोनला यायचे. बाप-लेक म्हणतो मी, आजोबा-नात म्हणायला पाहिजे, पण दिसायचे तसेच. दहा वाजता दीपाचा फोन येई. माझ्या फोनचा आवाज असा ठणठणीत की समोरच्या पानठेल्यावरही ऐकू जायचा, त्यामुळे त्या घरचं मला काही विचारावं लागत नसे. शालू काय शिकली ते अख्ख्या बसस्टँडला कळायचं. रिसीव्हर तिच्या डोक्याएवढा, ती तो दोन्ही हातांनी धरायची आणि बोलून झालं की त्याला एकदा थोपटून ठेवायची. आम्ही हसायचो.

पोरगी हुशारच होती. बिया ओळखायला लागली, पन्नासपर्यंत मोजायला लागली, गोष्टी रचायला लागली. आणि शिक्षक तसा विद्यार्थी, ती सगळ्या गावाला प्रत द्यायला लागली. आजीच्या भाकरीचा मधला तुकडा मोडून म्हणायची, "पयली." पोस्टमनच्या मिशीला तिनं दुसरी दिली. माझ्या दुकानात येऊन माझ्या पोटात कोपरापर्यंत हात खुपसल्यासारखं करायची आणि जाहीर करायची, "नीळकंठआजोबा, ओल हाय!" गिऱ्हाइकांपुढे.

एका बाबतीत मात्र बाबाराव हटून बसले. चार घरं सोडून इंदुताई अंगणवाडी चालवायच्या. त्या दोनदा येऊन म्हणाल्या, ग्रेडरभाऊ, दोन तास पोरीला आमच्यात पाठवा, मिसळू द्या. मागच्या अंगाला रुपीबाई राहायची, ती शेतात निंदण-वेचणीला जायची. तिच्या दोन नाती रोज सकाळी कुंपणावर हनुवट्या टेकवून ओट्यावरची शाळा बघायच्या. शालू त्यांना हात दाखवायची. बाबाराव प्रेमानंच, पण त्यांना घरी पाठवायचे. "त्याईचं वय अलग, शिकणं अलग. आपला एक लॉट चालू हाय. मिक्सिंग नाही." दिवाळीपर्यंत गंजी राखायची होती. त्यांच्या जिवाला दुसरं काही सुचत नव्हतं.

तुळसाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, लेकरू हाय ते, कापूस नोहे." पण साळ्याच्या बंडीपासून त्यांच्या मताला त्या घरात वजन नव्हतं.

दिवाळीला आठवडा राहिला असेल. बाबाराव दुपारी दुकानात आले, खुशीत. त्या बदामी पुस्तकाच्या शेवटी पालकांसाठी एक तक्ता होता, वीस प्रश्नांचा, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. एकोणीस खुणा झाल्या होत्या. पेन संपलं म्हणून ते रिफील घ्यायला आले होते.

"आता दीपानं पुण्याहून कलेक्टर आणला तरी चालते," ते म्हणाले. "एकच राह्यला." आणि चष्मा लावून विसावा प्रश्न वाचला: 'मूल आपल्या तीन मित्रमैत्रिणींची नावं सांगतं का? (त्याला आधी सांगून ठेवू नका.)'

शालू माझ्या काउंटरवर बसून रबर मोजत होती. बाबारावांनी तिच्या मोजणीच्या अगदी मध्येच विचारलं, "शालू, तुह्या तीन दोस्ताईचे नावं सांग."

शालूनं एक बोट वर केलं. "आबाजी."

दुसरं बोट वर करायला जरा वेळ लागला. "आजी."

तिसरं बोट तिनं हातानं धरून ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, बाहेर पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला आणि तिनं काउंटरच्या टोकाकडे हात केला. "फोन!"

मी मोठ्यानं हसलो. "झाले तीन! करा खूण, ग्रेडरसाहेब." रिफील पुढे केली.

बाबारावांनी ती घेतली नाही. ते त्या फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नीळकंठभाऊ, बंडी वरून पांढरी हाय." आणि शालूला उचलून निघून गेले. दांडीवर न बसवता, सायकल हातात धरून पायी.

माझं हसू तिथंच विरलं. मला सगळं उमगलं नाही, पण एवढं कळलं की चौकोनात खूण करायला त्या माणसाला कोणी अडवलं नव्हतं. दीपाला काय कळणार होतं? चौकोन भरला की नात त्यांचीच होती.

विहारात जाणारं घर, तिथं दिवाळी नव्हती, दिवाळीची सुट्टी होती. इंद्रजित आणि दीपा आले. तुळसाबाईंनी चिवड्याला बोलावलं म्हणून मीही गेलो. खरं म्हणजे निकाल ऐकायला गेलो. शालूनं ओट्यावर आपलं सगळं दुकान मांडलं. पानं लावली, बिया सांगितल्या, पन्नासच्या पुढे सत्तावनपर्यंत गेली, आणि म्हसरू व कोल्ह्याची स्वतः रचलेली एक गोष्ट सांगितली ज्यात कोल्ह्याला तिसरी प्रत मिळते. इंद्रजित पोट धरून हसला. दीपाचे डोळे चमकत होते.

"मामाजी, हारली मी," ती म्हणाली. "तिथं एवढं कोणी शिकवलं नसतं. राहू द्या तिले वर्षभर. माह्या जिवाले काही झालं तरी."

झालं! मी चिवड्याची प्लेट खाली ठेवून टाळी वाजवणार, एवढ्यात बाबाराव उठले. आत गेले आणि तो तक्ता घेऊन आले. तक्त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती. दीपाच्या हातात देऊन ते खांबाला टेकून उभे राहिले, जसे केंद्रावर चिठ्ठी दिल्यावर उभे राहायचे. कास्तकारानं काय बोलायचं ते बोलून घ्यावं म्हणून.

दीपानं मोठ्यानं वाचलं. "'शालू: प्रत पहिली. पुस्तक: प्रत पहिली. शिकवणारा: प्रत दुसरी. कारण: मिक्सिंग होऊ दिलं नाही.'" तिला काही कळेना. मग तिनं तक्ता पाहिला. विसावा चौकोन कोरा होता, आणि पुढे बाबारावांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'तीन मित्र: आबाजी, आजी, फोन.'

पहिल्यांदा बोलल्या त्या तुळसाबाई. पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "माह्या भावाच्या बंडीची प्रत पाडली होती. आज सोताचीच पाडली बाप्पा ह्या माणसानं."

दीपानं शालूला मांडीवर ओढलं. "फोन कोन हाय व, शालू?"

शालूला प्रश्नाचंच नवल वाटलं. "आई," ती म्हणाली.

पुढचं काय सांगू. दीपा रडली, इंद्रजित उठून उगीचच सायकलच्या चाकातली हवा बघायला गेला, आणि मी, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, मी चिवडा तिखट आहे म्हणत डोळे पुसले. बाबाराव तेवढे कोरडे होते. "घिऊन जा तिले," ते म्हणाले. "तिथं लेकरं हायेत, अन् तू हायस. पुस्तकही ने. माल चांगला हाय, माही गंजी चुकली." दीपानं दवाखान्यात सकाळची पाळी मागून घ्यायचं तिथंच ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबाराव दुकानात आले आणि खुंटीवरचं तेच लहान दप्तर मागितलं. आत हात घातला, मधली शिवण दोन अंगठ्यांनी ओढून पाहिली, आणि म्हणाले, "बांधून द्या." पुण्याची रेल्वे वर्ध्याहून होती. वर्ध्याच्या बसमध्ये शालू खिडकीला बसली होती, दप्तर पाठीवर, उतरवायला तयार नाही. कंडक्टरला तिनं पहिली प्रत दिली. बस गेल्यावर बाबाराव माझ्या बाकड्यावर येऊन बसले आणि दोन चहा होईस्तोवर वर्ध्याच्या रस्त्याकडे बघत राहिले. मी त्यांना आयुष्यात तेवढं दुःखी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी शटर वर करतो तर दारात हजर. "तो कोल्हापूरचा संच अजून एक मागवा."

"आता कोणासाठी?"

"रुपीबाईच्या नाती उद्यापासून येतात. इंदुताई म्हणते का तिचे बारा-चौदा पोट्टे बी तासभर बसवून घ्या ओट्यावर. लहान, मोठे, सारे संगंच." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "हासू नका. मिक्सिंग हाय, मले मालूम हाय."

मी हसलो. ओट्यावर महिन्याभरात असा कालवा झाला की तुळसाबाईंना तव्यावरची भाकरी सोडून मध्ये पडावं लागे. बाबारावांच्या शर्टाची बाही परत वर गेली. रुपीबाईच्या धाकट्या नातीनं त्यांनाच एकदा विचारलं, तुमचे दोन अंगठे सारखे काहून नाहीत, आणि ते आठवडाभर गावाला सांगत फिरले.

रविवारी दहाला मात्र दुकानात येणं चुकलं नाही. पुण्याहून फोन यायचा. पहिले काही रविवार शालू नुसती ऐकायची किंवा 'आबाजी, या' म्हणायची, आणि बाबाराव रिसीव्हर ठेवून मुकाट निघून जायचे. मग जानेवारीतल्या एका रविवारी पलीकडून असा आवाज आला की पानठेलेवाल्यानं चुना लावता लावता मान वर केली.

"आबाजी! माह्या दोस्ताईचे नावं सांगू?"

"सांग."

"कस्तुरी. रेहान. जोजो. अन् मोठी कस्तुरी, ते चावते. अन् वॉचमनकाकाची पिंकी."

बाबाराव प्रत्येक नावाला एक बोट मिटत होते. पाच झाली, मूठ झाली. त्यांचं तोंड हसून रुंद झालं. ते काही बोलणार तेवढ्यात पलीकडून घाईघाईनं आवाज आला, कोणी खेळायला बोलवत असावं.

"अन् फोन!" शालू म्हणाली, आणि तिकडे रिसीव्हर थोपटल्याचा आवाज आला.

बाबारावांनी माझा रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग खिशातून एक चिठ्ठी काढली, माझ्या काउंटरवरच्या पेनानं त्यावर दोन शब्द लिहिले आणि दोऱ्यानं ती फोनच्या वायरीला बांधली. 'प्रत पहिली.'

चार-पाच वर्षांनी सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, माझा फोन बंद पडला आणि कंपनीचा माणूस तो काढायला आला. मी त्याला फोन नेऊ दिला. चिठ्ठी मात्र सोडवून ठेवून घेतली, ती अजून गल्ल्यात आहे.